घटस्फोटाची तारीख आणि पैशाचा हिशेब



चौतीस वर्षें मीं शाळेंत गणित आणि मराठी शिकविलें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. कायद्याची पदवी माझ्यापाशीं नाहीं. तेव्हां घटस्फोट आणि त्यांतील पैशाचा निवाडा ह्या विषयावर ह्या गृहस्थानें कां बोलावें, अशी शंका आपल्या मनांत येईल, आणि ती रास्तच आहे. तिला माझें उत्तर एवढेंच, कीं ह्या विषयांत माझ्या हातून एक चूक घडली आहे आणि तिची किंमत माझ्याऐवजीं दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागली आहे.

२०१५ सालीं माझ्या पुतणीचा संसार मोडावयाच्या बेतास आला. दोघेंही समंजस होतीं. एकमेकांवर चिखलफेक न करतां वेगळें व्हावें, असें त्यांनीं ठरविलें. दोन्ही घरचीं वडील माणसें एकत्र बसलीं. मुलानें पांच लाख रुपये पांच हप्त्यांनीं द्यावे, दोघांच्या नांवें घेतलेल्या घराचें कर्ज त्यानें एकट्यानें फेडावें, आणि सासूच्या कपाटांत असलेले तिचे दागिने परत करावे, असें तोंडीं ठरलें. वकिलांनीं विचारलें, "हें सगळें अर्जांत लिहावयाचें ना?" तेव्हां मी, घरांतला वडील आणि वर मास्तर, मोठ्या रुबाबानें बोलून गेलों, "आमच्या घराण्यांत पैशासाठीं कागद रंगवीत नाहींत. आधीं मुलीला मोकळी करा. पैशाचें मागाहून पाहूं." अर्जांत एवढेंच वाक्य पडलें, कीं उभयतांचे आर्थिक व्यवहार मिटलेले आहेत. पुढल्या वर्षीं न्यायालयाचा हुकूमनामा झाला. एक लाख रुपये आले, दागिनेही आले, बाकीचे चार लाख आले नाहींत. दोन वर्षांनीं कर्जाचे हप्ते थकले, आणि बँकेची नोटीस आली ती माझ्या पुतणीच्या नांवें. 'उधारीचें पोतें सव्वा हात रितें' ही म्हण मीं किती वर्गांना शिकविली असेल! प्रसंग आला तेव्हां ती मला आठवली नाहीं.

त्यानंतर मीं जाणत्यांना विचारलें, कायदा वाचला, आणि जें समजलें तें आज आपल्यापुढें मांडीत आहें. सांगावयाची गोष्ट एकच आहे. घटस्फोटांत दोन घड्याळें चालत असतात. एक विवाहाचें आणि दुसरें पैशाचें. हीं दोन्ही एकाच वेळीं बंद व्हावीं, ह्यांतच दोघांचें हित आहे. एक पुढें आणि दुसरें मागें राहिलें, कीं कोणाची तरी फसगत व्हावयाचीच.

हा प्रश्न आपल्याकडे अगदींच नवा नाहीं. रखमाबाईंचा खटला आपण ऐकलेला असेल. त्यांचे पति दादाजी भिकाजी ह्यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या हायकोर्टांत दावा लावला. नांदावयास जावें, नाहीं तर सहा महिने कैद भोगावी, असा निकाल १८८७ सालीं झाला. अखेर १८८८ सालीं दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पैशाचा निवाडा झाला, पण विवाह मात्र कायद्याच्या दृष्टीनें तसाच राहिला. आज नेमकें उलट घडतें. विवाह तुटतो आणि पैसा अडकून राहतो.

मधल्या काळांत कायदा बराच बदलला. कांहीं जातींत रूढीनें काडीमोड होत असे. परंतु कायद्यानें घटस्फोटाची सोय बडोदें संस्थानांत १९३१ सालीं, आणि मुंबई इलाख्यांत १९४७ सालीं झाली. १९५५ सालीं हिंदु विवाह कायद्यानें ती सर्व देशांत आली. हा कायदा हिंदूंप्रमाणेंच बौद्ध, जैन व शीख ह्यांनाही लागू आहे. इतरांचे कायदे निराळे आहेत, आणि आज मी ह्या एकाच कायद्यापुरतें बोलणार आहें. परस्पर संमतीनें घटस्फोट घेण्याची वाट ह्या कायद्यांत १९७६ सालीं उघडली, आणि सुशिक्षित कुटुंबांतील पुष्कळशीं माणसें आज तीच वाट धरतात.

ह्या वाटेवरचे टप्पे असे आहेत. पतिपत्नी निदान एक वर्ष वेगळीं राहत असलीं पाहिजेत. मग दोघांनीं मिळून पहिला अर्ज करावयाचा. त्यानंतर सहा महिने थांबावयाचें, आणि अठरा महिन्यांच्या आंत दोघांनीं पुन्हां न्यायालयापुढें येऊन 'आमचा विचार कायम आहे' असें सांगावयाचें. तेव्हां हुकूमनामा होतो. दोघांची संमति हुकूमनामा होईपर्यंत टिकली पाहिजे. मध्यंतरीं कोणीही एकानें ती काढून घेतली तर अर्ज पडतो, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं सांगितलें आहे.

सहा महिन्यांची ही मुदत पुष्कळांना नकोशी वाटते. तिच्याबाबत सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २०१७ मध्यें निर्णय दिला, कीं योग्य प्रकरणीं न्यायालय ती माफ करूं शकतें. मात्र त्याला अटी आहेत. पहिल्या अर्जापूर्वींच दीड वर्ष वेगळें राहणें झालेलें असावें. समेटाचे प्रयत्न थकलेले असावेत. आणि पोटगी, मुलांचा ताबा व इतर सर्व प्रश्न दोघांनीं खरोखर मिटविलेले असावेत. ही शेवटची अट नीट ध्यानांत घ्या. 'आधीं मोकळें होऊं, पैशाचें मागाहून' असें जे म्हणतात, त्यांना लवकर मोकळें होण्याचा जवळचा रस्ता पैशाचा हिशेब आधीं मिटविण्यांतच आहे. २०१५ सालीं हा निर्णय झालेला नव्हता. तरीही माझें बोलणें बरोबर नव्हतें, कारण त्या सहा महिन्यांचा उपयोगच मुळीं हिशेब पुरा करण्यासाठीं करून घ्यावयाचा असतो.

मग सर्व पैसा पहिल्याच दिवशीं देऊन टाकावा काय? तसेंही नव्हे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तसें केलें. स्वभावानें तो सरळ. ठरलेले नऊ लाख रुपये त्यानें पहिल्या अर्जाच्या दिवशींच पत्नीच्या खात्यांत भरले. पुढें मुलाच्या ताब्यावरून तिचें मन बदललें, आणि ती दुसऱ्या वेळीं न्यायालयांत आलीच नाहीं. तिचेंही कांहीं कारण असेल; आईच्या मनाचा हिशेब बाहेरच्यानें मांडूं नये. पण अठरा महिने उलटले, अर्ज संपला, पैसे गेलेले आणि विवाह जागच्या जागीं. नवा अर्ज होऊन सुटका होईपर्यंत आणखी तीन वर्षें गेलीं. माझ्या पुतणीच्या बाबतींत हुकूमनामा पुढें धांवला. ह्याच्या बाबतींत पैसा पुढें धांवला.

ह्यावर व्यवहारांत रूढ असलेला उपाय सोपा आहे. ह्या हातानें द्यावें आणि त्या हातानें घ्यावें. उदाहरणादाखल, बारा लाख रुपये ठरले आहेत असें धरा. त्यांतील चार लाख पहिल्या अर्जाच्या वेळीं द्यावे. चार लाख न्यायालयांत जमा करून, ते हुकूमनाम्यानंतरच उचलतां यावेत असें लिहावें. आणि उरलेल्या चार लाखांचा डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या अर्जाच्या दिवशीं न्यायाधीशांच्या समक्ष हातांत द्यावा. रकमेचे वाटे कमीजास्त करतां येतील. तत्त्व एवढेंच, कीं शेवटची रक्कम आणि शेवटची सही एकाच दिवशीं व्हावी. आणि हें सर्व संमतिपत्रांत तारीखवार लिहिलेलें असावें: रक्कम किती, कोणत्या दिवशीं, कोणत्या खात्यांत, आणि चुकल्यास काय. हुकूमनाम्यांत लिहिलेली रक्कम न्यायालयामार्फत वसूल करतां येते. बैठकींत दिलेल्या शब्दाला साक्षीदार पुष्कळ असले तरी त्याची अशी वसुली होत नाहीं.

एकरकमी घ्यावें कीं दरमहा, हाही प्रश्न येतो. दरमहा दहा हजार म्हणजे वर्षाचे एक लाख वीस हजार, आणि दहा वर्षांचे बारा लाख. येथपर्यंत पांचवीचें गणित. पण दोन्ही बारा लाख सारखे नव्हेत. एकरकमी पैसा आज हातीं येतो, त्याचें व्याज मिळतें, आणि संबंध तेथेंच संपतो. दरमहाची पोटगी परिस्थिति पालटल्यास न्यायालय वाढवूं किंवा कमी करूं शकतें, आणि घेणाऱ्यानें पुनर्विवाह केल्यास ती बंदही करूं शकतें. ज्याला स्थिर नोकरी आहे त्याच्याकडून दरमहा घेणें कदाचित् सोयीचें. ज्याचा धंदा आज आहे आणि उद्यां नाहीं, त्याच्याकडून एकदांच घेतलेलें बरें. दरमहाच घ्यावयाची झाल्यास त्या रकमेचा बोजा देणाऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर ठेवण्याची तरतूद कायद्यांत आहे. मुलांच्या पोषणाची बाब मात्र वेगळी लिहावी. आईनें किंवा बापानें तडजोडींत मुलाचा हक्क सोडला, म्हणून तो सुटत नाहीं.

आतां समजा, संमति नाहीं; प्रकरण भांडणाचें आहे. तेथें घड्याळ आणखीच महत्त्वाचें. खटला चालू असतांना चरितार्थाचा आणि खटल्याचा खर्च मागण्याचा हक्क पति व पत्नी ह्या दोघांपैकीं ज्याला पुरेसें उत्पन्न नसेल त्याला आहे. असा अर्ज शक्यतों साठ दिवसांत निकालांत काढावा असें कायदा म्हणतो. प्रत्यक्षांत काय घडतें, तें नागपूरकडील एका प्रकरणावरून दिसतें. पत्नीनें २०१३ सालीं केलेल्या अंतरिम पोटगीच्या अर्जाचा वाद सर्वोच्च न्यायालयांत २०२० सालीं मिटला. त्या निकालांत, ४ नोव्हेंबर २०२० रोजीं, न्यायालयानें सर्व देशाला लागू होणाऱ्या दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या. पहिली, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. दुसरी, दोन्ही पक्षांनीं आपलें उत्पन्न, खर्च, मालमत्ता आणि देणीं ह्यांचें प्रतिज्ञापत्र दाखल करावें. पहिल्या गोष्टीचा अर्थ असा, कीं गरज असून जो अर्ज लांबणीवर टाकतो, त्याचे तेवढे महिने बुडतात. दुसरीचा अर्थ असा, कीं कागदपत्रें आधींच जमवून ठेवावीं. पगाराचे कागद, प्राप्तिकराचीं विवरणपत्रें, बँकेचे उतारे, भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब, विम्याच्या पॉलिसी, कर्जाचे करार. घर सोडल्यावर हे कागद मिळविणें जड जातें.

ह्याच यादींत स्त्रीधन यावें. स्त्रीधनावर स्त्रीची पूर्ण मालकी असते, आणि तें सासरच्या माणसांच्या ताब्यांत असलें तरी त्यांचें होत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालीं स्पष्ट केलें आहे. दागिन्यांचें वजन, पावत्या आणि लग्नांतलीं छायाचित्रें जपून ठेवावीं, आणि परत मिळालेल्या प्रत्येक वस्तूची नोंद संमतिपत्रांत करावी.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. घटस्फोट झाला म्हणजे नवऱ्याच्या मालमत्तेचा अर्धा भाग पत्नीला आपोआप मिळतो, असें पुष्कळांना वाटतें. हिंदु विवाह कायद्यांत तसें कांहीं नाहीं. ज्याच्या नांवें मालमत्ता त्याची. दुसऱ्यानें पैसा घातला असेल तर तो त्यानें सिद्ध करावयाचा. आणि लग्नाच्या वेळीं दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंबद्दल न्यायालय हुकूम करूं शकतें. पत्नीला पतीच्या स्थावरांतून वाटा देण्याची तरतूद असलेलें एक विधेयक राज्यसभेनें २०१३ सालीं संमत केलें होतें. परंतु २०१४ सालीं लोकसभा विसर्जित झाली आणि तें बारगळलें. आपल्या शेजारीं गोव्यांत मात्र निराळी रीत आहे. तेथें १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणें, लग्नापूर्वीं वेगळा करार केलेला नसल्यास, पतिपत्नींची मालमत्ता समाईक धरली जाते, आणि फारकतीच्या वेळीं अर्ध्या वाट्याचा प्रश्न उभा राहतो. गोव्यांतल्या नातेवाइकाचें ऐकून पुण्यांतल्या मुलीनें आपला हिशेब मांडूं नये, आणि पुण्यांतल्याचें ऐकून गोव्यांतलीनें.

हुकूमनाम्याचा दिवस उजाडण्यापूर्वीं आणखी तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, कर्ज. नवरा हप्ते भरील असें हुकूमनाम्यांत लिहिलें, तरी बँक त्या व्यवहारांत पक्षकार नसते. जिची सही कर्जाच्या करारावर आहे तिच्याकडे ती पैसे मागणारच. म्हणून एकाचें नांव कमी केल्याचें बँकेचें पत्र आधीं मिळवावें, किंवा घर विकून कर्ज फेडावें. माझ्या पुतणीला जें भोवलें तें हेंच. दुसरी गोष्ट, वारसा. हुकूमनामा होईपर्यंत पतिपत्नीचें नातें कायद्यानें जिवंत असतें. मध्यंतरीं एकाचें निधन झालें तर दुसरा वारस ठरतो. हुकूमनाम्यानंतर तें नातें संपतें, आणि सरकारी नोकराच्या पत्नीला विधवा म्हणून मिळणाऱ्या कुटुंबनिवृत्तिवेतनासारखे लाभही त्याबरोबर जातात. हें नुकसान रक्कम ठरवितांनाच हिशेबांत धरलें पाहिजे. तिसरी गोष्ट, विमा, बँक आणि भविष्यनिर्वाह निधि येथें नेमलेलें नांव. तें हुकूमनाम्यानें आपोआप बदलत नाहीं. ज्याचें त्यानें जाऊन बदलून घ्यावें. पुनर्विवाहाचा विचार असेल तर अपिलाची मुदत संपल्याची खात्री वकिलांकडून करून घ्यावी; ती संपण्यापूर्वीं घाई करूं नये.

हुकूमनाम्यानंतर पोटगी मागतांच येत नाहीं काय? येते. कायम पोटगीचा अर्ज हुकूमनाम्याच्या वेळीं किंवा त्यानंतर केव्हांही करण्याची मुभा कायद्यानें दिलेली आहे. पण 'व्यवहार मिटले' अशा वाक्याखालीं आपली सही असली, म्हणजे तें वाक्य पुसण्यासाठीं नवा खटला, नवा वकील आणि पुन्हां तींच वर्षें. दार बंद झालेलें नसतें, परंतु त्याच्यापर्यंत पोंचण्याचें बळ पुष्कळांत उरलेलें नसतें.

माझ्या पुतणीचें तसेंच झालें. २०२० सालीं तें घर विकलें गेलें, कर्ज फिटलें आणि तिचें नांव मोकळें झालें. राहिलेले चार लाख तिनें मागितले नाहींत. तिनें मला त्याबद्दल कधीं एक शब्दही बोलून दाखविला नाहीं, आणि तेंच मला अधिक लागलें. पैशाची गोष्ट काढणें हा हलकेपणा आहे, असें आपण वडील माणसें मुलींना शिकवीत आलों. त्या शिकवणुकीचा खर्च मात्र त्यांच्याच पदरीं टाकीत आलों. हिशेब मांडणें म्हणजे वैर करणें नव्हे. ज्यांनीं कांहीं वर्षें एकत्र संसार केला, त्यांनीं एकमेकांचें देणें न ठेवतां वेगळें व्हावें, ह्यांत संसाराचाही मान राहतो.

गेल्या दिवाळींत आमच्या शेजारची एक मुलगी अशाच अडचणींत माझ्याकडे आली. मी बोलूं लागण्यापूर्वींच माझ्या पुतणीनें तिला बाजूस बसविलें आणि एक कोरी वही तिच्यापुढें ठेवली. "डाव्या बाजूला तारखा लिही," ती म्हणाली, "आणि उजव्या बाजूला प्रत्येक तारखेसमोर रक्कम. जेथें तारीख आहे आणि रक्कम नाहीं, तेथें सही करूं नकोस." चौतीस वर्षांत मीं फळ्यावर पुष्कळ कोष्टकें मांडलीं, इतकें उपयोगी कोष्टक त्यांत एकही नव्हतें. आपल्या घरांत असा प्रसंग न येवो. आलाच, तर ती वही तेवढी आठवावी, आणि घरांतल्या मास्तरांनीं थोडा वेळ गप्प बसावें.